वतन सोडताना काय गेले, काय मिळाले?

सध्याच्या दिवसांत दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला सल्ला वरून येतो. तो म्हणतो, काळ बदलला आहे, बदल स्वीकारा, कायम नोकरीचा हट्ट सोडा, कंत्राटावर या, जे येईल त्याला हसतमुखाने सामोरे जा. दुसरा सल्ला आपल्याच घरातून, आपल्याच वस्तीतून येतो. तो म्हणतो, वाऱ्याची दिशा बरी नाही, आहे तेवढे धरून ठेवा, कुणाच्या डोळ्यावर येऊ नका. पहिला सल्ला देणाऱ्याला आपल्या भल्याची काळजी नसते आणि दुसरा सल्ला देणाऱ्याला ती असते, एवढा फरक आहेच. पण दोन्ही सल्ले आपल्या इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावेत असे आम्हाला वाटते. कारण भीतीदायक बदल म्हणजे काय, तो कसा स्वीकारावा आणि त्याची किंमत किती, याचा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांइतका क्वचितच कुणाला असेल.

१९२७ ते १९५६ या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या महार समाजाने आपले काम सोडले, आपले अन्न बदलले, पेहराव बदलला, अनेकांनी गाव सोडले आणि शेवटी धर्म सोडला. या प्रत्येक गोष्टीला आधार म्हणून धरून माणसे शतकानुशतके जगत होती. ती सोडताना पायाखालची जमीन हलणार हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी ती सोडली. हा इतिहास आपण जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनाला सांगतो, पण बहुधा विजयाचा इतिहास म्हणून सांगतो. त्यातल्या भीतीचा हिशोब मांडत नाही. तो मांडल्याशिवाय आजच्या माणसाला त्यातून काही घेता येणार नाही.

वतन : आधार की साखळी?

महार वतनाकडे आज आपण फक्त गुलामी म्हणून पाहतो. त्या काळच्या माणसाला ते तसे दिसत नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. वतन म्हणजे गावात हक्काची जागा. हाडकी हाडोळ्याची थोडी जमीन, खळ्यावरचे बलुते, सणावाराचा वाटा, येसकराच्या पाळीला घरोघरची भाकरी. वतनदार महार अभिमानाने ‘आमचे बावन हक्क’ म्हणत असे. बेदरच्या बादशहाने ते हक्क दिल्याची आख्यायिका सांगत असे. पोट भरत नसले तरी ‘आपल्याला कोणी गावातून हाकलू शकत नाही’ असा दिलासा त्यात होता.

त्या दिलाशाची किंमत काय होती? वतनदाराने चोवीस तास सरकारचा आणि गावाचा हुकूम पाळायचा. सांगावा पोचवायचा, वसुलीचा पैसा तालुक्याला न्यायचा, आलेल्या अंमलदाराची सरबराई करायची, चावडी झाडायची, मयताची खबर परगावी द्यायची, मेलेले जनावर ओढायचे. बाप घरी नसेल तर मुलाने जायचे. म्हणजे नोकर एक आणि राबणारे अख्खे घर. सरकारला जवळजवळ बिनपगारी नोकर मिळत होता आणि पगाराचा बोजा बलुत्याच्या रूपाने गावावर टाकला होता. गाव नाराज झाले की बलुते बंद. जमीन म्हणावी तर भाऊबंदकीत तिचे इतके तुकडे झालेले की एकेकाच्या वाट्याला काही पावलांची पट्टी यायची.

वतनाचा सगळ्यांत मोठा तोटा पैशाचा नव्हता. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये आणि पुढे मुंबई कायदे कौन्सिलात हेच मांडले. वतनामुळे माणसाची उमेद मरते. ज्याला ठाऊक आहे की आपले पोर मोठे झाल्यावर चावडीवरच राबणार आहे, तो त्याला शाळेत कशाला घालेल? ज्याची भाकरी गावाच्या मर्जीवर आहे, तो गावाविरुद्ध कसा बोलेल? थोडासा, अपुरा, पण रोजचा आधार माणसाला बंडापासून दूर ठेवतो. उपाशी माणूस गाव सोडून जातो. अर्धपोटी माणूस मात्र उद्याच्या भाकरीच्या आशेवर तिथेच बसून राहतो. वतनाने हेच काम केले.

महाडचा आदेश

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळे आपल्याला आठवते आणि ते आठवलेच पाहिजे. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचे ठरले होते, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते, पण कागदावर. २० मार्चला लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला.

पण त्याच परिषदेत अध्यक्षीय भाषणातून बाबासाहेबांनी आपल्या लोकांना जे सांगितले ते पाणी पिण्याइतकेच अवघड होते. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे-शिळे मागू नका, महारकीच्या दास्यातून बाहेर पडा. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेला लोक पुन्हा महाडला आले. सत्याग्रहाला कोर्टाची मनाई आली आणि तळ्याचा दावा पुढे १९३७ पर्यंत चालला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महिलांना वेगळे उद्देशून सांगितले की जातीची खूण सांगणारे लुगडे नेसण्याचे वळण आणि अंगावरचे जड दागिने टाका, मुलींना शिकवा.

तळ्यावर जाणे हे एका दिवसाचे धाडस होते. हजारो लोक सोबत होते, नेता पुढे होता. मेलेले ढोर न ओढणे हे मात्र रोजचे धाडस होते आणि ते ज्याने त्याने आपापल्या गावी, चार-दहा घरांच्या बळावर करायचे होते. पाटील दारात येऊन उभा राहिला की ‘नाही’ म्हणायचे होते. घरात शिजवायला दुसरे काही नसताना ते मांस नाकारायचे होते. हा निर्णय शेवटी चुलीपाशी घ्यावा लागला आणि तो बायकांनी घेतला. बाबासाहेबांचा निरोप महारवाड्यात मुरवण्यात बायका किती पुढे होत्या, हे बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचणाऱ्याला सांगायला नको.

पाचशे रुपयांचा हिशोब

या बदलाला विरोध कसा झाला, हे नीट पाहण्यासारखे आहे. उघड शिवीगाळ झालीच, पण हितचिंतकाच्या भाषेतही विरोध झाला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा किस्सा सांगितला आहे. ‘केसरी’त पत्रे येत की मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने अस्पृश्यांचे नुकसान होते. गावात वर्षाला इतकी ढोरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे, मांस यांतून पाचशे रुपये सुटतात आणि हा डॉक्टर ते सोडायला सांगतो! संगमनेरला सभेसाठी गेले असताना हाच प्रश्न त्यांना विचारण्यात आला. तुमच्या लोकांच्या अंगावर वस्त्र नाही, घरात अन्न नाही, मग हे उत्पन्न का बुडवता?

बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. यात एवढा फायदा असेल तर तुम्हीच हे काम घ्या. तुमच्याही घरात माणसे आहेत. पाचशे रुपये त्यातून मिळतीलच, वर मी आणखी पाचशे देतो. अर्थात कोणी पुढे आले नाही.

हा किस्सा ऐकून आपण हसतो. पण त्यात एक मोठा सिद्धांत आहे. आधार सोडू नका असे सांगणारा माणूस फायद्याचा आकडा सांगतो आणि त्या फायद्याची अट लपवतो. पाचशे रुपये खरे असतील. पण ते घेण्यासाठी अस्पृश्य राहणे ही अट होती. ते काम करतो म्हणून अस्पृश्य आणि अस्पृश्य म्हणून ते काम, असे ते चक्र होते. ते कुठेतरी तोडायचे तर आधी नुकसान सोसावेच लागणार होते. बाबासाहेबांनी लोकांना नुकसान होणार नाही असे खोटे आश्वासन दिले नाही. नुकसान होईल, तरी सोडा, असे सांगितले. लोकांना भीती वाटते हे मान्य करून त्यांना मार्ग दाखवणारा नेता आणि भीती नाहीच असे म्हणणारा नेता यांत फार अंतर असते.

बहिष्कार नावाचे हत्यार

मग जे व्हायचे ते झाले. गावोगाव बहिष्कार पडले. बहिष्कार म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या पिढीला सांगायला हवे. मजुरी बंद, दळण बंद, दुकानातले मीठ-मिरची बंद, गुरांना रान बंद, रस्ता बंद, पाणी तर बंद होतेच. कुणाला मारायची गरज नाही. फक्त सगळ्या गावाने एकदम पाठ फिरवायची.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा तपास करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने बहिष्काराबद्दल लिहिले, त्याचा आशय असा की दडपण्यासाठी याहून परिणामकारक हत्यार शोधता येणार नाही, उघड मारहाणही त्यापुढे फिकी पडते. कारण मारहाणीविरुद्ध फिर्याद करता येते. मीठ न विकणाऱ्याविरुद्ध कोणती फिर्याद करणार?

अशा वेळी काही गावांत लोक नमले. वडीलधाऱ्यांनी माफी मागितली, पुन्हा ढोर ओढले, पुन्हा येसकराची पाळी सुरू झाली. आपल्या इतिहासात हे लिहायला आपण कचरतो. कचरण्याचे कारण नाही. चार घरांची वस्ती, कडेवर तान्ही पोरे आणि समोर सगळे गाव, अशा वेळी जो नमला त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जिथे वस्तीतला कोणी गिरणीत, रेल्वेत, गोदीत किंवा लष्करी कारखान्यात होता, जिथे मनीऑर्डर येत होती, तिथे बहिष्कार सोसण्याचे बळ जास्त होते. जिथे आसपासच्या गावांतली वस्ती एकमेकांना धान्य पोचवत होती, तिथे ते बळ आणखी वाढत होते. धैर्यालाही शिदोरी लागते.

सोडायचे काय आणि धरायचे काय

या सगळ्या इतिहासाचा गाभा आम्हाला इथे दिसतो. बाबासाहेबांनी ‘सगळे टाकून द्या’ असे कधीच सांगितले नाही. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. त्यातल्या तरतुदी पाहा. ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला मोकळे होता यावे, पण वतनाची जमीन त्याच्याकडेच राहावी, त्याने तिचा पूर्ण सारा भरावा. बलुते खळ्यावर हात पसरून न मागता पैशाच्या रूपात सरकारी वसुलीबरोबर गोळा व्हावे. आणि वतनदाराकडून कोणती कामे घ्यायची ती नियमाने ठरवून द्यावीत.

म्हणजे दास्य सोडायचे, जमीन सोडायची नाही. हा फरक विरोधकांना बरोबर कळला. सिलेक्ट कमिटीत बिलाचे रूप इतके पालटले की १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने निवडून आल्यावर १९३७ मध्ये त्यांनी हा प्रश्न पुन्हा कायदेमंडळात नेला. सरकारने वतनी जमिनींवर जुडीचा बोजा वाढवायला घेतला तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला वतनदारांच्या परिषदा घेऊन त्यांनी त्याला विरोध केला.

वरवर पाहता हे विसंगत वाटेल. जो माणूस वतन मोडायला निघाला, तोच वतनदारांच्या जमिनीसाठी लढतो? यात विसंगती नाही. आपण ठरवून, आपल्या अटींवर सोडणे वेगळे आणि दुसऱ्याने हिसकावून घेणे वेगळे. वतन बुडावे ही बाबासाहेबांची इच्छा होती. ते बुडताना वतनदाराची जमीन सरकारने किंवा गावच्या धनदांडग्याने गिळावी ही त्यांची इच्छा नव्हती.

शेवटी १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला आणि १९५९ मध्ये तो अमलात आला. पहिल्या बिलानंतर एकतीस वर्षांनी, बाबासाहेबांच्या पश्चात. ठरावीक रक्कम भरून जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे करण्याची तरतूद त्यात होती, हस्तांतरावर बंधनेही होती. तरी किती जमीन प्रत्यक्ष हातात राहिली? रक्कम भरायला पैसा नव्हता, कागद समजणारा माणूस नव्हता, जमीन कसणारा आधीच दुसरा होता. मुंबई-पुण्याभोवती जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर महार वतनाच्या जमिनींचे व्यवहार आजही वादात सापडतात. सोडण्याचे धाडस आपण केले, धरण्याचे काम मात्र अर्धवट राहिले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो याच उणिवेवर बोट ठेवणारा होता.

पायाखाली नवी जमीन

जुना आधार सुटत असताना नवा आधार कुठून आला? तो आयता मिळाला नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना जागा मिळाली, पण विणकाम खात्यात नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याला विटाळ होईल म्हणून जास्त पगाराचे ते खाते बंद होते. म्हणजे गाव सोडले तरी जात पाठोपाठ आली. तरीही शहरात एक गोष्ट नवी होती. महिन्याला रोख पगार होता आणि तो पाटलाच्या मर्जीवर नव्हता. त्या पगारातून परळ-नायगावच्या चाळींत मंडळे उभी राहिली, वर्गण्या जमल्या, गावाकडच्या परिषदांना माणसे आणि पैसा गेला.

दुसरा आधार शिक्षणाचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यासारख्या निजामी अमलातून नुकत्याच सुटलेल्या, उच्च शिक्षणाची सोय जवळपास नसलेल्या भागात ते काढण्यामागे दूरदृष्टी होती. तिसरा आधार संघटनेचा आणि कायद्याचा. राज्यघटनेने अस्पृश्यता हा गुन्हा ठरवला. कागदावरचा कायदा गावात पोचायला वेळ लागला, पण आता बहिष्कृत माणसाच्या हातात निदान एक कागद होता.

क्रम लक्षात घ्या. आधी भाकरीची तजवीज आणि मग स्वाभिमान, असा क्रम नव्हता. आधी स्वाभिमान आणि भाकरीचे काय ते बघू, असाही नव्हता. दोन्ही बरोबर चालत होते. एक हात जुनी दोरी सोडत होता तेव्हा दुसरा हात नवी दोरी वळत होता.

शेवटचा आधार

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षे गेली. घाईने भावनेच्या भरात घेतलेला निर्णय म्हणून जे धर्मांतराला नावे ठेवतात त्यांनी ही एकवीस वर्षे मोजावीत. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत, ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात, त्यांनी लोकांच्या मनातली एकेक शंका घेऊन तिचे उत्तर दिले. धर्म बदलल्याने काय मिळणार, काय जाणार, हे लोकांसमोर मांडले.

जाणार काय, हे १९५६ मध्ये अगदी स्पष्ट होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या, १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्ध त्यात नव्हते. दीक्षा घेतली की शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, म्हणजे नुकतीच हाती येऊ लागलेली नवी दोरीसुद्धा गेली. वतन सोडण्यापेक्षा हा सौदा कठीण होता. वतनात अपमान तरी होता. सवलत घटनेने दिलेला, लढून मिळवलेला हक्क होता. नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या भीतीचाही उल्लेख केला आणि ज्याने हक्क मिळवून दिले तो ते पुन्हा मिळवील, असा विश्वास दिला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, विश्वास देणारा माणूसच गेला. ज्याच्या शब्दावर घर सोडले तोच वाटेत नाही, यापेक्षा भयाण अवस्था कोणती? समाज त्या क्षणी मागे फिरला असता तर इतिहासाने त्याला दोष दिला नसता. घडले उलटे. दुसऱ्या दिवशी दादरच्या अंत्ययात्रेत चितेसमोर भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखोंनी दीक्षा घेतली. पुढच्या महिन्यांत खेडोपाडी दीक्षा समारंभ झाले, देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. सवलत जाणार हे माहीत असताना जनगणनेच्या कागदावर ‘बौद्ध’ लिहवून घेणारी ही माणसे होती.

किंमत मोजावी लागलीच. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे. एक अख्खी पिढी केंद्र सरकारच्या राखीव नोकरीच्या दारापुढून परत फिरली. अनेकांनी कागदावर जुनी जात ठेवली आणि घरात बुद्धवंदना केली. त्यांनाही आम्ही दोष देत नाही. पोटासाठी कागद आणि मनासाठी धम्म, ही त्या काळाने लादलेली कसरत होती. गावात तर ढोर न ओढणारा बौद्ध हा माजलेला महार ठरला. १९७२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या बावडा गावात बौद्धांवर पडलेला बहिष्कार साऱ्या महाराष्ट्रात गाजला. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले.

हिशोबाची दुसरी बाजू

आता मिळाले काय ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांवर आहे, देशाची सरासरी ७३ टक्के. बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के, देशातल्या स्त्रियांची सुमारे ६५ टक्के. देशातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रातले आहेत आणि त्यांतले बहुतेक याच चळवळीतून आले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. ज्या घरातल्या पोराने चावडीवर राबायचे ठरलेले होते, त्या घरातली मुलगी सरासरीच्या पुढे गेली.

यावर काही जण म्हणतील, हे सगळे शहरीकरणाने आणि आरक्षणाने झाले, धाडसाने नाही. शहरीकरण सर्वांसाठी होते, शाळाही बऱ्याच जणांसाठी होत्या. पण शाळेचा उपयोग करून घेण्यासाठी पोराच्या भवितव्याची कल्पना आधी बदलावी लागते. वतन सोडल्याने ती बदलली. चावडीचे काम आपले नाही हे ठरल्यावर मग प्रश्न उरला की आपले काम कोणते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शाळेत शोधावे लागले.

पण हिशोब प्रामाणिक असेल तर येणेही लिहायचे आणि देणेही. आपण टाकलेले काम अनेक गावांत मातंग बांधवांच्या माथी मारण्याचा प्रयत्न झाला. आपण सुटलो, साखळी दुसऱ्याच्या पायात गेली. तेव्हा आपण त्यांच्या बाजूने किती उभे राहिलो? गटारात उतरून माणसे आजही मरतात, ती कोणत्या जातींची असतात? महाडचा आदेश एका जातीसाठी नव्हता. तो आपण एका जातीपुरता पाळला असेल तर चळवळ अर्ध्यावर थांबली असे म्हणावे लागेल.

आजचा प्रश्न

आता सुरुवातीच्या दोन सल्ल्यांकडे येऊ.

‘बदल स्वीकारा’ असे वरून सांगणाऱ्याला आपला इतिहास साक्षीला घेता येणार नाही. कायम नोकरी जाऊन कंत्राट येणे, सरकारी शाळा बंद पडणे, सार्वजनिक उद्योग विकले जाऊन राखीव जागा आटणे, हा आपण निवडलेला बदल नाही. हा तर वतनाचाच नवा अवतार आहे. कामाची हमी नाही, मालकाची मर्जी सांभाळा, बोलाल तर उद्या येऊ नका. गिरणीच्या रोख पगाराने जी मर्जी तोडली होती, तीच मर्जी कंत्राटदाराच्या रूपाने परत येते आहे. अशा बदलाला सामोरे जाणे म्हणजे त्याला संघटितपणे विरोध करणे. हरेगाव आणि सिन्नर आपल्याला हेच सांगतात.

आणि ‘आहे ते धरून ठेवा’ म्हणणाऱ्या आपल्याच वडीलधाऱ्यांना आदराने सांगावे लागेल की आहे ते असे धरून राहत नाही. आरक्षणातली एक नोकरी, एक घर, एक पेन्शन यांच्या आडोशाला आपण बसलो आहोत आणि तो आडोसा वर्षागणिक बारीक होतो आहे. त्यालाच चिकटून गप्प बसलो तर बावन हक्कांच्या अभिमानात बसलेल्या वतनदारात आणि आपल्यात फरक काय? आपल्याला सोडायच्या आहेत त्या गोष्टी वेगळ्या आहेत. एका नोकरीने सात पिढ्या तरतील ही आशा, वस्तीतून बाहेर पडल्यावर वस्तीकडे फिरवलेली पाठ, पोटजातीच्या भिंती, मुलीला ठरावीक चौकटीपलीकडे शिकू न देण्याची धास्ती, नव्या कौशल्यांना आणि नव्या व्यवसायांना ‘आपले काम नाही’ म्हणण्याची सवय. यातले प्रत्येक सोडताना भीती वाटेल.

म्हणून कोणताही बदल समोर आला की दोन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो. या बदलाने दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे कमी होते की वाढते? आणि जुने सोडताना नवी दोरी वळणारे हात आपल्याकडे आहेत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘वाढते’ असेल तर तो बदल अडवावा, कितीही आकर्षक असो. ‘कमी होते’ असेल तर तो पत्करावा, कितीही भीतीदायक असो. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर आधी ते हात जमवावेत. वस्तीतली अभ्यासिका, कंत्राटी कामगारांची युनियन, बहिष्कृत कुटुंबामागे उभा राहणारा तालुक्यातला गट, जमिनीचे जुने कागद वाचू शकणारा एक तरी वकील, हे ते हात आहेत.

आपल्या आजोबांकडे यातले फारच थोडे होते. तरी त्यांनी पाटलाला दारातून परत पाठवले. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. तेव्हा भीतीचे कारण सांगण्याआधी आपण किती हात जमवले, हे प्रत्येक वस्तीने मोजावे.

जय भीम!